लहान आय

गिरजाबाई मारबते तिसऱ्यांदा आली,
उकडलेल्या शिंगाड्यांची पिशवी टेबलाखाली सरकवून:
"गवसला का वो बाई, माझ्या घराचा कागद?"

कागद आहे. पंचायतीच्या या डब्यात
अकरा हजार आहेत, त्यात तोही आहे.
काळ्या पडद्यावर मी नाव टाकते.
पडदा नाहीसुद्धा म्हणत नाही,
खालच्या ओळीवर नुसती उघडझाप.

माझ्याआधी इथे हटवार होते.
त्यांना सगळं कॅपिटल लागायचं, पाटी रंगवल्यासारखं.
मग चेतना. ती सगळं स्मॉलमध्ये लिहायची,
शिफ्टची कळ तुटलेली होती म्हणे.
मग तीन महिने कुणी एक पोरगा,
त्याचं जिथे बोट पडलं तिथे मोठं.

शोधायच्या हत्याराला सांगता येतं,
लहान-मोठं सोडून दे.
पण ते सोडतं शेवटच्या नावापुरतं.
वाटेतल्या फोल्डरांशी हट्ट तोच.
नावाला माफी, वाटेला नाही.
यात नवल वाटायला नको होतं मला.
ढिवरटोलीतून आलेल्याला इथे
आधी टोली विचारतात, मग नाव.

आपल्या लिपीत हे नव्हतंच.
ग कितीही ताठ उभा केला तरी मोठा ग होत नाही,
शिरोरेघ सगळ्यांना एकाच उंचीवर.
(भेद करायला आम्ही दुसऱ्या जागा शोधल्या, ते वेगळं.)

रात्री लाइट आल्यावर हत्याराचा कोड उघडला.
कुणी दूरच्याने उघडाच ठेवला होता,
ज्याला पाणी लागेल त्याने काढावं म्हणून.
सतरा ओळी वाढवल्या.
वाट लहान करायची, विचारलेलंही लहान करायचं,
मग शेजारी ठेवून बघायचं,
दोघांनी चपला उंबऱ्याबाहेर काढाव्यात तसं.
पहिल्या खेपेला मी एकालाच काढायला लावल्या,
तर आधी सापडायचं तेही सापडेना.
पहाटे जमलं.
एक उणे चिन्ह, त्याला चिकटून लहान आय,
आणि पुढे वाट.

सकाळी तीन ओळी आल्या.
तीन गिरजाबाई मारबते.
हटवारांची, चेतनाची, त्या पोराची.
हत्याराचं काम इथे संपलं.

मी पडदा तिच्याकडे फिरवला. तिला वाचता येत नाही.
"उगवतीले काय लिवलं, ते सांग."
बोडी. बोडी. रस्ता.

ती हसली, तोंडावर पदर धरून.
"माझी चुलतसासू भी गिरजाच होती.
तिले मोठी गिरजा म्हणत, मले लहान.
बोडी तिच्या घराले. ते दोनदा लिवलं कोणी?"

कोणी, ते मी सांगितलं नाही.
रस्ता त्या पोराच्या फोल्डरात होता,
मधेच मोठं, मधेच लहान, जसं बोट पडलं तसं.
प्रिंटर अर्ध्यात अडला.
तोवर आम्ही शिंगाडे सोलले.