कारेल, ही फाइल नीट वाच

बस. कोट खुंटीवर टांग. ती खुर्ची डगमगते,
तिकडची घे.
ही आपली सेटिंग्जची फाइल. दोनशे अकरा ओळी.
बेटाची पानं हजारभर असतील:
फेरीबोटीच्या वेळा, ग्रंथालय, दंतवैद्याचा वार,
कुणाच्या तरी हरवलेल्या मेंढ्या.
पण त्या सगळ्यांचं नाक इथं आहे.
इथं दाबलं की तिकडं तोंडं उघडतात.

पहिल्या ओळीत साइटचं नाव. तिथं मी एकदा
शेवटचं अवतरणचिन्ह विसरले
आणि अख्खं हीउमा दुपारी दोनपर्यंत
पांढरं पडलं.

डीबग: खोटं. ते कायम खोटंच राहू दे.
खरं केलंस, तर जरा चुकलं की साइट
परक्या माणसापुढं आतडी उलगडून बसते.
गुप्त किल्ली या फाइलीत नाही, शोधू नकोस,
ती सर्व्हरच्या कानात सांगितलेली आहे.
वेळ: टाल्लिनची.
बेटाला स्वतःची वेळ नाही, असं फाइलीचं म्हणणं.
चार हिवाळे काढ इथं, मग बोलू.

आता ओळ एकशे चाळीस.
बर्फरस्ता: खोटं.
काल तू विचारलंस, हे कुठंच वापरात दिसत नाही,
काढून टाकू का?
दिसत नाही, कारण सहा वर्षं समुद्र धड गोठलेलाच नाही.
गोठला, की हा एक शब्द खरा होतो
आणि हजार पानांच्या माथ्यावर हिरवी पट्टी उमटते:
पलीकडच्या किनाऱ्यावर गाडीनं जाता येईल,
सीटबेल्ट न लावता, दोन गाड्यांत अंतर राखून.

हेल्दुर पहाटे बर्फाला भोकं पाडायचा,
जाडी मोजायचा, फोनवर नुसता आकडा सांगायचा.
चोवीस. सव्वीस.
नमस्कार-चमत्कार नाही.
आकडा ऐकून मी खरं करायचे, नाहीतर खोटं.

एका मार्चमध्ये म्हणाला, ‘बंद कर.’
आकडाच नाही.
मी लगेच केलं. फाइलीत खोटं झालं.
पण पानं कॅशेत पडून होती, तीनशे सेकंदांच्या बोलीनं,
आणि तीनशे सेकंद सगळं बेट
हिरवंच दिसत राहिलं.
चौथ्या मिनिटाला पावाची गाडी बर्फावर उतरली,
बेकरीवाल्या मायमूचा रायवो, फोन मांडीवर, पट्टी हिरवी.
हेल्दुर मागं धावला. सत्तरीचा माणूस,
टोपी डोक्यावर नाही, हातात,
हलवत, ओरडत, घसरत.
गाडी वळली. पुढचं चाक भिजलं, तेवढंच.
पाव त्या दिवशी अर्ध्या किमतीत गेले.

त्या रात्री ओळ एकशे एक्केचाळीस लिहिली:
या एकासाठी कॅशे शून्य.
साइट हळू होते म्हणतात. होऊ दे.
आणि वर ती टीप, तीही माझीच, बोल मात्र त्याचे:
‘हेल्दुरला विचारल्याशिवाय हात लावू नये.’

हेल्दुर गेला. दोन वर्षं झाली, एप्रिलात.
बिघाड कळवायचा पत्ता बरेच दिवस त्याचाच होता,
साइट अडली की त्याला पत्र जायचं
आणि पत्ता सापडत नाही म्हणून माझ्याकडं परत यायचं.
तो बदलला मी. बोट थांबलं होतं, पण बदलला.
टीप नाही बदलली.

मग विचारायचं कुणाला, म्हणतोस.

ड्रिल कपाटात आहे, जुन्या प्रिंटरच्या मागं.
पात्याला दर नोव्हेंबरात मी तेल लावून ठेवते.
कॉफी तुझी तू कर.
आणि सेव्ह करण्याआधी
अवतरणचिन्हं मोज.