नगावर

निहारनं वहीच्या मागच्या पानावर लिहून दिलंय:
एक लोखंडी वीट, एक चामड्याची पट्टी,
चौकोनाचं बटण दाब, झाली सुरी.
पुन्हा दाब.
"तलवारी नको करत बसूस, आई.
तलवारीला माल जास्त,
आणि लोहारकाम वाढतं ते नगावर."

नगावर म्हटल्यावर मला लगेच कळलं.
मंगळबाजारात किरीटभाईंकडे
नगावरच चालतं सगळं.
नवरात्राला अठरा दिवस उरलेत,
मांडीवर अर्धा चणिया,
एका घेराला तीनशे चाळीस आभले,
आभल्याला साठ पैसे.

साडेअकराला आमची पोळ निजते.
निहारही निजतो, सकाळी त्याची युनिट टेस्ट.
मी बोटांना खोबरेल लावते, पुसते,
आणि कंट्रोलर हातात घेते.
तिथे बर्फ पडतोय. इथे पंखा तीनवर.
म्हातारा लोहार दरवेळी तेच म्हणतो,
ये, भट्टी तापलीय.
त्याला अजून माझं नाव माहीत नाही.

युक्त्या मी पटापट उचलल्या.
चोरपावलं वाढवायची तर
झोपलेल्या सावकाराच्या खोलीत
भिंतीला नाक लावून चालत राहायचं.
दांडीला मेथीच्या जुडीचं रबर अडकवायचं
आणि आपण भांडी घासून यायचं.
येईपर्यंत पावलं शिकलेली असतात.

ढालीचं त्याहून सोपं.
ओढ्याकाठी एक खेकडा आहे,
त्याच्यासमोर उभं राहायचं, मारू द्यायचं.
मारणारा खेकडा काहीच शिकत नाही,
शिकतो तो मार खाणारा.
सासरी एवीतेवी उभीच होते मी.
तिथे कुठे आकडा वाढला?

सहाशे बाराव्या सुरीला
टिंग वाजलं.
लोहारकाम ऐंशी.
पडद्यावर सोनेरी काहीतरी सांडलं
आणि मी एकटीच हसले, तोंडावर पदर धरून.

मग ऐटीत गावाबाहेर पडले.
वळणावर पूर्वी दोन भुरटे असायचे,
फाटक्या बंड्या, हातात सोटे.
आता तेच दोघे
काचेच्या चिलखतात.
एका फटक्यात गेले मी.

सकाळी निहारनं कपाळाला हात लावला.
"नुसत्या सुऱ्याच केल्यास? लढाई शून्य?
अगं, तू वाढलीस की जगपण वाढतं.
कशात वाढलीस ते नाही बघत."

कशात वाढलीस ते नाही बघत.

दिवसभर सुई ओवताना तेच.
पूर्वी आभला चौदा टाक्यांत बसायचा,
आता नऊ.
आता न बघता ओवते.
तोवर सुरतेहून गोंदानं चिकटवलेले घागरे आले,
निहारची फी दुप्पट झाली,
गॅस, भाडं,
सगळ्यांनी काचेची चिलखतं घातली,
आणि दर? साठ पैसे,
निहार पाळण्यात होता तेव्हापासून.

दुसऱ्या रात्री सुऱ्या विकायला बसले.
चाळीस घेतल्या आणि दुकानदाराची थैली संपली.
परवा या, म्हणाला.
अगदी किरीटभाई.

तेव्हा यादीत खाली खाली गेले.
जादू. कुलपं. औषधी पाला.
आणि सगळ्यात तळाला, धूळ बसल्यासारखं,
वाटाघाट: पंधरा.
सुरुवातीलाच मिळालेले पंधरा. माझा एकही नाही.
निहारला विचारलं, हे कसं वाढतं?
पोहे चावत म्हणाला, "विचारून. भाव करून."
नाही म्हणाले तर?
"तरी थोडं वाढतं."

आज दुपारी तयार घेर घेऊन गेले.
दुकानात दोन गिऱ्हाइकं, एक पोऱ्या, कटिंग चहा.
मी म्हटलं, यंदा ऐंशी पैसे घेईन.
आवाज चिरकला. पोऱ्यानं वर पाहिलं.
किरीटभाई हसले,
"प्रमिलाबेन, यावर्षी नाही जमायचं."

बरं, म्हटलं.
पिशवीची घडी घातली.
पायऱ्या उतरताना हिशोब केला:
हा झाला एक नग.
शुक्रवारी चोळ्या द्यायच्या आहेत.