पट्टी

पेनफ्रिदच्या वाचनालयात दर मंगळवारी, चार ते सहा,
मी नगरसेविका असते.
गटारं, कुत्री, शेजाऱ्याचं कुंपण,
बसथांब्यावरचा गेलेला दिवा.
उरलेला आठवडा मी गाणी रचते,
किंवा रचत नाही, गिटारच्या तारा बदलते,
आणि गुरुवारी चॅपलच्या मागच्या खोलीत
तत्त्वज्ञानाच्या वर्गाला जाते. बिस्किटं चांगली असतात.

तिथला तरुण मास्तर म्हणतो,
चांगलं-वाईट ज्याच्या त्याच्या गावचं असतं.
साठी उलटल्यावर
कोणाचंच काही चुकलं नव्हतं, हे ऐकायला फार बरं वाटतं.
मी विचारलं, मग घोड्यांवरून आलेले पोलीस?
तो म्हणाला, त्यांच्या बाजूने बघा.
बघितलं. घोड्याच्याही बाजूने बघितलं.
माझ्या भावाच्या डोक्यावरची खोक तेवढीच राहिली.
सात टाके.

संपाच्या वर्षी मी एकोणीसची होते.
खाणकामगारांच्या क्लबात तीनशे माणसांचे बटाटे सोलता सोलता
मी इडवल प्रोसरवर गाणं केलं.
अकराव्या महिन्यात, जाळी लावलेल्या बसमध्ये बसून,
तो एकटा कामावर गेला होता.

बर्फात उमटली पावलं, वळणावरून गेली दूर
दिवा घेऊन खाणीत उतरला, इडवल आमचा फितूर

'दूर'ला 'फितूर' सापडला तेव्हा
मी पातेल्यावर सुरी वाजवून नाचले होते.
यमक जुळलं की वाटतं, खरं बोललो आपण.
या धंद्यातला हा जुना दोष.
सभेत भाषण ठोकणाऱ्यांनाही तो जडतो.

पुढे खाण गेली. क्लबाचं गालिच्यांचं दुकान झालं.
इडवल मेला, तेव्हा खांदा द्यायला
चार माणसं पलीकडच्या दरीतून आणावी लागली.
गाणं मात्र ठणठणीत.

गेल्या मंगळवारी नेरिस आली, त्याची थोरली.
छत गळतं म्हणाली. मी फॉर्म भरला.
फॉर्मचा कोपरा दुमडत ती म्हणाली,
त्या हिवाळ्यात आमच्या धाकट्याला न्यूमोनिया होता.
तुम्हाला माहीत होतं?

होतं.
'न्यूमोनिया' कशालाच जुळत नव्हता.

पण आजारी पोर काय एका प्रोसरांच्याच घरी होतं?
सतरा नंबरच्या मॉर्वेनाने पाळणा फोडून चुलीत घातला,
तरी तिचा नवरा त्या बसमध्ये चढला नाही.
तिच्या बाजूने कोण बघणार?
हे मी नेरिसला बोलले नाही.
छताचे किती पत्रे, एवढंच विचारलं.

रात्री गिटार घेऊन बसले.
गळा बदलला की पट्टी बदलते,
काळी एकमध्ये बसत नसेल तर पांढरी चारमध्ये गा,
पण दोन सुरांमधलं अंतर बदललंस
तर ते गाणंच उरत नाही.
हे मास्तरला सांगावं म्हटलं.
मग वाटलं, तो विचारेल, अंतर मोजलं कोणी?
आणि मोजणारी मीच होते, एकोणीसची, हातात सुरी.

गाण्यात दोन कडवी करता येतात, एक त्याचं, एक मॉर्वेनाचं.
सभागृहात हात वर करायचा तर अख्खा करावा लागतो.
अर्धा हात कोणी मोजत नाही.

शनिवारी पबमध्ये सगळ्यांनी तेच गाणं मागितलं.
त्या ओळीला मी तोंड मिटून घेतलं.
ओळ अडली नाही.
चाळीस गळे होते, त्यातले निम्मे संपानंतर जन्मलेले.
खिडकीपाशी नेरिस उभी होती, कोट न काढता.
शाळेच्या सहलीत शिकली असणार,
अर्थ कळायच्या आधी.
माझ्याकडे बघत तिने तो शब्द म्हटला,
वरच्या सुरात, न चुकता,
मी कधी लावला नव्हता इतका नेमका.
मग ग्लास ठेवून विचारलं,
पत्रे कधी येतील?