सुंठ

सहा वाजता सुंठ मला फिरायला काढते.
पट्टा माझ्या हातात, इतकंच.

सहकारनगरच्या वळणावर फ्लेक्स :
भाऊंचा वाढदिवस मार्चात होऊन गेला,
हात अजून जोडलेले.
सुंठ खालचा बांबू हुंगते,
सावकाश, जाहीरनामा वाचावा तसा,
आणि तिथेच बसून मत देते.

"यांनी पक्ष बदलला ना?" उपासनी विचारतात.
"कधी?"
"परवा. की परत आले?"
दोघं चिन्ह आठवत उभे.

स्पितीची तिकिटं राहिलीत.
वृंदा म्हणते, आधी हिला कुठं ठेवायचं ते ठरव.
मागच्या खेपेला आम्ही कोकणात,
आणि हिनं दोन दिवस पाण्याला तोंड लावलं नाही.

परतताना पुन्हा तोच बांबू.
मी पट्टा ओढत नाही.
स्पिती कुठं पळून जातंय.