बुधवार, शनिवार, दहा ते बारा

विश्रामबागेत वाचनालयाच्या मागच्या खोलीत
एक फोन, तीन खुर्च्या, एक रेघांची वही.
मगदूम सर मातीचे, झुलेखा मुजावर किडींच्या,
मी कशाचीच नाही.
टेलिफोन खात्यात होते, सुरुवातीची दहा वर्षं ट्रंक कॉल जोडले,
म्हणून मला फोनपाशी बसवलं.

लोक विचारतात
जास्वंदीवर कापसासारखं पांढरं काय बसलंय.
कढीपत्त्याला ताक घालावं का,
सासू म्हणते घाल, शेजारीण म्हणते जळेल.
अळूचे गड्डे घुशीनं पोखरले, हे तुमच्यात येतं का?
हरिपूरचे एकजण: हळदीची पानं पिवळी पडाय लागल्यात,
बायको म्हणती तुमची नजरच पिवळी हाय.
(डिसेंबर होता. काढणीला आलेली, एवढंच.)
गावभागातून कुणी, पुराचा गाळ पोत्यात भरून ठेवलेला:
कुंडीत घालू, का पुन्हा पूर यील?
मगदूम सर फोनवर पंजा ठेवून हसून घेतात,
मग घसा साफ करून –
निम्मा गाळ, निम्मं शेणखत, ओंजळभर वाळू.
पुराचं खातं आमच्याकडं नाही.

मी वहीत उतरवते. तारीख, झाड, तक्रार, उपाय.
नाव विचारायचं नाही असं ठरलंय,
लोक सांगतातच, गोत्रासकट.
आवाजावरून मला कळतं
कोण उन्हात उभं राहून बोलतंय,
कुणाला उत्तर ठाऊक आहे आणि तरी.

मार्चमधला एक शनिवार. सर मिरजेला बारशाला,
झुलेखा नातवाला घेऊन दवाखान्यात.
माधवनगरहून फोन. बाई.
डाळिंब आहे परसात. मी सहा महिने इथं नव्हते.
मेलंय का झोपलंय, कसं कळतं?

कुठं होतात, विचारलं नाही.
एवढं मला ऐकून ऐकून आलेलं:
नखानं फांदी खरवडा.
टोकापासून सुरू करा, खाली खाली या.
आत हिरवं दिसलं तर आहे.

थांबाल? फोन वायरचा आहे, झाड मागं.

रिसीव्हर टेबलावर ठेवल्याचा आवाज.
स्लीपर. कडी. दार भिंतीला आपटलं.
मग नुसतं घर ऐकू येत राहिलं,
एक पंखा, दर फेरीला कुरकुरणारा,
आणि लांबून रेल्वे.

जुन्या बोर्डावर मधे तोंड घालावं लागायचं,
तीन मिनिटं झाली, वाढवू का?
नको म्हणाले की खुंटी उपसायची.
कुणी म्हणत असायचं, अप्पाला सांग की –
आणि मी ओढलेली असायची.
काय सांग, ते अप्पाला कळलं का
याची नोंद कुठल्याच रजिस्टरात नव्हती.

चार मिनिटं. सात.
इकडं कुणाला तरी एंगेज लागत असणार.
वहीत 'डाळिंब' लिहिलं, 'उपाय'चा रकाना मोकळा.
पेनाचं टोपण चावत बसले.
अकरा.

स्लीपर. धाप.
टोकाला नाही.
मधल्या फांद्या पण कटकन मोडल्या.
खाली, अगदी मातीजवळ, बसूनच बघितलं,
तिथं एक नखभर.

हिरवं?

पोपटी म्हणा.

मग मी झुलेखाच्या आवाजात बोलले:
त्याच्यावर बोटभर ठेवा, बाकी काढून टाका.
पाणी बेतानं. शेण आत्ता नको.
विळ्यानं चालेल?
विळ्यानं साल फाटते. कुणाकडनं तरी करवत मागा.
मागते, म्हणाली. शेजारी आहे, पण बोलत नव्हतो.

ठेवता ठेवता थांबली.
एवढा वेळ धरून ठेवलं तुम्हाला. काही पैसे?
नाही, म्हटलं. लोकल आहे.

ठेवला तोच पुन्हा वाजला.
कढीपत्ता. ताक.
सरही नव्हते, झुलेखाही नव्हती.
म्हटलं, घाला.