दोन अक्रोड वर

इरमाच्या तागडीतलं एक किलोचं वजन लोखंडी होतं,
टाळूवर ठोकलेला शिक्का: उगोचा परगणा.
परगणा उरला नव्हता.
ज्या साम्राज्याचा परगणा, तेही नाही,
आणि शिक्का ठोकणारा कारकून
काळ्या डोंगराखाली झोपून चाळीस वर्षं झालेली.

गावाचं नावच तेवढं बदलत गेलं,
नॉदसोलोश, सेवल्युश, विनोह्रादिव.
अर्थ तिन्हींचा एकच: द्राक्षमळा.
पैसेही बदलले,
क्रोन, कोरुना, पेंगो, रूबल.
अक्रोड तेच, तिसेकाठच्या झाडांचे.

बाप, गेर्गेय, म्हणायचा,
आपला परगणा एवढासा
की सकाळी सुरू झालेलं भांडण
दुपारच्या जेवणाला दुसऱ्या परगण्यात पोचतं.

एकसष्टच्या सप्टेंबरात ओस्ताप्चुक आला,
नवा निरीक्षक, सर्दी झालेला,
मखमली पेटीत पितळी वजनं घेऊन.
इरमाचं लोखंड त्याने एका पारड्यात ठेवलं,
पितळ दुसऱ्यात,
आणि पितळाचं पारडं खाली गेलं
सावकाश, लाजल्यासारखं.
बावीस ग्रॅम.

शेजारची युलिना कोबीची पानं सोलत राहिली,
उगाच, पार गाभ्यापर्यंत.

निरीक्षकाने वजन उलटं केलं.
बुडाला कानशीचे ओरखडे,
बारीक, नेटके, बापाच्या अक्षरासारखे.

इरमाला ते नऊ वर्षांची असल्यापासून ठाऊक.
कंदिलाजवळ बसलेला बाप,
मांडीवरची काळी भुकटी फुंकताना
तिच्याकडे बघून हसला होता,
आणि तिलाही हसावं लागलं होतं.
मापात पाप, हे तिला कुणी शिकवलं नाही.
दुकान हाती आलं त्या दिवसापासून
दर किलोमागे
ती दोन अक्रोड वर टाकत आली.
गिऱ्हाइकं म्हणायची, बाईचा हात सैल आहे.

"कुठल्या कचेरीचा शिक्का?"
"उगोचाच्या."
"ती कुठे?"
इरमाने दाखवायला हात उचलला,
नदीकडे, मग डोंगराकडे,
मग तो पदरात पुसला आपल्या एप्रनच्या.
ओस्ताप्चुकने रकाना रिकामा सोडला
आणि खाली लिहिलं: जप्त.

दुसऱ्या दिवशी नवं वजन आलं,
चकचकीत, खरं.
पहिल्या गिऱ्हाइकाने किलोभर मागितले.
काटा मधोमध थांबला.
गिऱ्हाईक पिशवी उघडून उभं,
आणि इरमाचा हात
ढिगाकडे गेलेला.