गुडघ्यातली कळ

गिटार बनवून घ्यायला आलेली माणसं हात पुढे करतात.
मी म्हणतो, बूट काढा आधी.

ग्वायमन गावाबाहेर, धान्याच्या कोठारांमागे माझी शेड.
ओक्लाहोमाचा वारा दिवसभर पत्रे मोजतो
आणि दर वेळी चुकतो.
मार्चमध्ये आर्डिथ स्टिडम आली,
हातात घडी घातलेला कागद:
आठ पेडलं, सहा कळा.
कुणा तरण्या वादकाची यादी होती,
अक्षरसुद्धा त्याचंच.

खुर्चीवर बसवून तिच्या पायाला पट्टी लावली.
टाच ते गुडघा, सव्वासतरा इंच.
डावा घोटा बाहेर कलतो,
म्हणजे पहिलं पेडल डावीकडेच राहील.
उजवं पाऊल आवाजाच्या पेडलवर अडकलेलं,
त्या गुडघ्याला दोनच दिशा.
डाव्याला तीन: आत, बाहेर, वर.
"वर जातो का?"
तिने उचलून दाखवला आणि ओठ आवळले.
ही कळ निराळी,
हिला सळई लागत नाही.

अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात.
माझा धंदा उलटा,
पाय पाहून अंथरूण शिवायचं.

पहिल्या पेडलवर पाचवी नि दहावी तार, पूर्ण स्वर वर.
दुसऱ्यावर तिसरी नि सहावी, अर्धा.
यावर कुणी वाद घालत नाही,
जेवणात मीठ हवं का, असं कुणी विचारत नाही.
भांडण लागतं ते पुढे.
चौथी-आठवी अर्धा वर न्यायची कुठल्या बाजूला,
खाली आणायची कुठल्या,
आणि उरलेलं, जे ऐकताना हवंसं वाटतं
पण वाजवताना आठवत नाही,
ते ठेवायचं कुठे.

शनिवारी दुपारभर ती माझ्या उघड्या सांगाड्यावर वाजवत बसली.
मी खाली जमिनीवर, खडू घेऊन.
कळ दाबली की एक रेघ.
डावा आत: एकेचाळीस.
डावा बाहेर: अडतीस.
डावा वर: दोन, दोन्ही वेळा सूर हुकला.
उजवा उजवीकडे: नऊ.
उजवा डावीकडे: एकही नाही.

पण त्याच कळीच्या पत्र्यावर
तिच्या जीनचा निळा धागा अडकला होता.
दाबली कधीच नव्हती,
टेकली मात्र सारखी होती.

म्हणालो, वरची काढून टाकू,
तिचं काम इथे देतो, पाचवी अर्धा खाली.
जागा आहे, सळई आहे, तासाभराचं काम.
"नको," ती म्हणाली. "तो स्वर दुसऱ्यांना वाजवू दे."
मग ही कळ काढू?
"नको. राहू दे.
कुठल्याच तारेला जोडू नकोस, एवढंच."
मी वर बघितलं.
ती पट्टीवरची धूळ पुसत होती.
"गाणारा पुढची ओळ घेईपर्यंत
मी तिथे थांबते."

चाळीस वर्षं मी असंच शिकलो,
की प्रत्येक कळीच्या टोकाला एक तार असते.
तरी बनवली.
बिजागरी, स्प्रिंग, थांबा,
दाब थोडा जड ठेवला, रिकामं वाटू नये म्हणून.
बिलात चार कळा लिहिल्या, तिलाही धरून.
घासायला तेवढाच वेळ लागला होता.
आर्डिथने आकडा वाचला आणि हसली नाही.
मोजून दिले.

जूनमध्ये लिबरलच्या नाचघरात
मी मागे भिंतीशी उभा होतो.
गाणारा ओळ विसरला, घोट घेतला, खोकला.
टेबलाखाली तिचा उजवा गुडघा सावकाश डावीकडे गेला.
दहाही तारा होत्या तशाच राहिल्या.

घरी येऊन माझ्या गिटारीखाली आडवा झालो,
एक सळई सोडवली.
बसून बघितलं थोडा वेळ.
मग परत जोडली.
मला अजून जमत नाही.